चित्रकलेच्या तासातला चित्रकार

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांना दरवर्षी लाखो मुले बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे त्यांचे परंपरेने चालत आलेले विषय, इंटरमिजिएटला घनभूमितीची भर. मिळालेल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण. यात 'हे चित्र कुणाचे' असा प्रश्न कुठेच येत नाही. 'अ' श्रेणी मिळवलेली मुलगी एकाही चित्रकाराचे नाव न घेता, एकाही चित्रासमोर दहा मिनिटे न थांबता शाळेबाहेर पडू शकते, आणि बहुतेकदा तसेच होते. मराठीच्या तासाला तुकाराम नको, बहिणाबाई नकोत, फक्त शुद्धलेखन आणि निबंध पुरे असे कुणी सुचवले तर गावोगावचे पालक शाळेवर धावून जातील. चित्रकलेच्या तासाचे हेच रूप आपण दीडशे वर्षे मुकाट्याने चालवून घेतले आहे.

याचे मूळ या शिक्षणाच्या जन्मात आहे. १८५७ साली जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत जे.जे. कलाशाळा सुरू झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये साउथ केन्सिंग्टनची पद्धत भरात होती. कारखान्यांना नक्षी काढणारे आणि आराखडा समजणारे हात हवे होते. आधी सरळ रेषा, मग वळणदार रेषा, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लॅस्टरचा नमुना, अशी ती पायरीपायरीची शिस्त होती. हेतू कुशल कारागीर घडवण्याचा होता, त्यामुळे चित्रकार नावाच्या माणसाला तिथे जागा नव्हती. शाळांतल्या ग्रेड परीक्षा त्याच मुशीतून आल्या. कागद बदलला, पोस्टर कलर आले, आतला सांगाडा फारसा हलला नाही. या शिस्तीला मी कमी लेखत नाही. छोट्या गावातल्या, घरात कसलाही वारसा नसलेल्या कितीतरी मुलामुलींना आपल्या हातात काही आहे हे पहिल्यांदा या परीक्षेनेच दाखवले, आणि तिच्याच वाटेने ती मुंबईच्या जे.जे.पर्यंत पोहोचली. पण हात तयार करणारी ही परीक्षा डोळ्यांकडे पाहायला विसरली.

गंमत अशी की चित्रकाराच्या कामातून शिकणे म्हणजे काय, याचा आपल्याकडचा सर्वात भव्य दाखला त्याच जे.जे.ने घालून दिला आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या चमूत होते. अंधाऱ्या लेण्यात, पडक्या गिलाव्यासमोर बसून एका आकृतीची प्रत करायची, तर प्रत्येक रेषेपाशी थांबावे लागते. इथे हात का वळला? ही बोटे इतकी लांब का? खालचे गेरूचे रेखाटन कुठे दिसते आणि वरच्या रंगाने ते कुठे झाकले? दीडेक हजार वर्षांपूर्वीच्या, नावही मागे न ठेवलेल्या माणसाने त्या क्षणी काय ठरवले असेल, ते आपल्या हाताने पुन्हा ठरवून पाहायचे. कलावंताला भेटण्याची याहून जवळची रीत मला माहीत नाही. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनच्या संग्रहालयातल्या आगीत नष्ट झाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांचे या चित्रांवरचे दोन खंडांचे पुस्तक १८९६-९७ मध्ये आले. प्रती जळाल्या तरी त्या करताना विद्यार्थ्यांच्या नजरेत जे उतरले ते कसे जळणार? पुढे १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या अजिंठ्याच्या मोहिमेसाठी कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या रेषेवर अजिंठ्याची छाप राहिली.

म्हणजे नक्कल वाईट असते असे सरसकट म्हणता येत नाही. मूळ कृती समोर असेल आणि वेळ भरपूर असेल, तर नक्कल हा अभ्यास ठरतो. फळ्यावर सरांनी काढलेली बरणी चाळीस मुलांनी उतरवून घ्यायची, यात मात्र मूळही नाही आणि अभ्यासही नाही.

विसाव्या शतकात या यांत्रिक शिस्तीविरुद्ध जे वारे वाहिले, त्याने कलावंताला शाळेबाहेरच ठेवले, आणि तेही जाणूनबुजून. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलांची स्वतःची कला असते, मोठ्यांनी तिच्यावर आपले ओझे लादू नये, ही त्यांची श्रद्धा. हर्बर्ट रीड यांचे 'एज्युकेशन थ्रू आर्ट' १९४३ साली आले, व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचे 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' १९४७ साली. थोरांची चित्रे दाखवली तर मूल स्वतःचे सोडून त्यांचेच काढू लागेल, ही भीती या विचारात खोलवर आहे.

आपल्याकडे ही धारा सेवाग्रामात आली, पण वेगळी होऊन. शांतिनिकेतनात नंदलालांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या, गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. त्यांच्या अनुभवाचे पुस्तक आधी हिंदीत आणि नंतर इंग्रजीत निघाले; कला हा शिक्षणाचा पाया आहे हे त्याचे सूत्र. मुलाच्या अभिव्यक्तीला ते जपत होतेच, पण ते स्वतः चित्रकार आणि कुंभार होते आणि मुलांच्या समोर काम करत होते. चाकावर बसलेला माणूस रोज दिसतो, त्याचे भांडे बिघडते, तो माती पुन्हा मळतो, हे पाहणे म्हणजे कलावंताचा परिचयच. महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला हा अठरा वर्षांचा प्रयोग आपल्या कलाशिक्षकांच्या पदविका वर्गात मन लावून वाचला जायला हवा.

मुलाचे मन कोरे असते आणि बाहेरची चित्रे त्याला बिघडवतात, हे गृहीतक मला पटत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही वर्गात 'निसर्गचित्र काढा' म्हणा: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली उतरणारी नदी, कौलारू झोपडी, बाजूला नारळाचे झाड. विदर्भातल्या ज्या मुलाने समुद्रकाठ पाहिलेला नाही त्याच्याही चित्रात नारळ. हे कुणी शिकवले? मुलांनीच मुलांना, वहीतून वहीत. अमेरिकेत ब्रेंट आणि मार्जोरी विल्सन या अभ्यासक दांपत्याने १९७० च्या दशकात हेच दाखवून दिले की मुलांची चित्रे कॉमिक, दूरचित्रवाणी आणि इतर मुलांच्या चित्रांतून उगवतात. मूल कुणाचे ना कुणाचे पाहून काढणारच. त्याच्या पाहण्यात काय यावे, याची जबाबदारी शाळा घेते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

ही जबाबदारी घेण्याचे प्रयत्न परदेशांत झाले, त्यांची हकिगत उत्साह वाढवणारीही आहे आणि सावध करणारीही. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांनी एका सत्रात एकाच चित्रकाराची साधारण सहा चित्रे मुलांपुढे ठेवायची प्रथा घातली: शांतपणे पाहायचे, चित्र उलटे करायचे, आणि काय दिसले ते आठवून सांगायचे. स्वस्त छपाई आल्यामुळे हे शक्य झाले. अमेरिकेतही त्या सुमारास चित्र-परिचयाची चळवळ होती, पण तिथे बऱ्याचदा चित्रातून सदाचाराचा धडा काढण्यावर भर राहिला. १९८० च्या दशकात गेटी संस्थेच्या पाठबळाने तिथे नवा आराखडा आला. चित्र काढणे, कलेचा इतिहास, समीक्षा आणि सौंदर्यविचार या चारही अंगांनी कला शिकवावी, असे एलियट आयस्नर आदी मंडळी सांगू लागली. इंग्लंडने १९९२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात कलाकृतींचे ज्ञान आणि आकलन हे उद्दिष्ट म्हणूनच लिहून टाकले.

आणि मग शाळाशाळांच्या भिंती व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांनी भरल्या. मोनेची कमळे, मोंद्रियानचे चौकोन. अभ्यासक्रमाने कलावंत मागितला, शिक्षकांनी त्याची शैली दिली. सूर्यफुलांना पिवळा रंग लावून झाला की व्हॅन गॉग 'झाला'. त्याने पिवळ्यावर पिवळा ठेवण्याचा धोका का पत्करला, रंगाचा थर इतका जाड का, हे विचारायला सवडच नाही. आपल्याकडेही खासगी शाळांत आता 'स्टारी नाइट'ची रात्र अशीच उगवते. जोडीला कापलेल्या कानाची गोष्ट. चरित्राचा हा वापर मला विशेष खटकतो. माधुरी पुरंदरे यांचे 'पिकासो' किंवा त्यांनीच मराठीत आणलेले 'व्हॅन गॉग' वाचणाऱ्या मोठ्या वाचकाला चरित्र आणि चित्र यांचे नाते उमगू शकते. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती केवळ कान लागला, तर चित्रकार म्हणजे विक्षिप्त माणूस एवढाच त्याचा ग्रह होतो, आणि आपण तसे नाही म्हणून आपण चित्रकार नाही, असेही ते ठरवून टाकते. चरित्रातले तेवढेच सांगावे जे चित्रात बोट ठेवून दाखवता येते.

माहिती अजिबात न देण्याची दुसरी टोकाची पद्धतही आहे. अबिगेल हाउसेन आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन यांनी ती बसवली. शिक्षक तीनच प्रश्न विचारतो: या चित्रात काय चालले आहे? कशावरून तसे वाटते? आणखी काय सापडते? उत्तर चूक की बरोबर हे सांगत नाही, मुलाचे म्हणणे स्पष्ट शब्दांत परत मांडतो. 'कशावरून' या प्रश्नाची ताकद मोठी आहे. पाठ केलेल्या उत्तरांना सरावलेली आपली मुले या प्रश्नापाशी आधी गप्प होतात आणि मग भराभरा बोलू लागतात. ज्या शिक्षकाने स्वतः कलेचा इतिहास वाचलेला नाही, त्यालाही ही पद्धत हात देते. पण ती सुरुवात म्हणूनच चांगली. काही चित्रे नुसत्या पाहण्याने उघडत नाहीत, तिथे सांगणारे माणूस लागते. याचे सर्वात ठळक उदाहरण आपल्या घरातच आहे.

वारली चित्र आज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत काढले जाते. कुंड्यांवर, कापडी पिशव्यांवर, संमेलनाच्या पडद्यावर. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस, काड्यांचे हातपाय, गोल फिरणारा तारपा नाच. काढायला सोपे, दिसायला छान, बक्षिसाला हमखास. ज्यांचे हे चित्र आहे ती माणसे मात्र या तासात कुठेच नसतात. वारली घरात लग्नाचा चौक लिहितात त्या सवाशिणी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. चौकाच्या आत पालघट देवी. तो लिहिला जात असताना आणि नंतरही लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. यातले काहीच माहीत नसलेले मूल त्रिकोण जोडते तेव्हा त्याच्या हाती नक्षी येते, चित्र येत नाही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात भिंतीवरचे हे लेखन कागदावर आणि कापडावर आणले आणि ते केवळ लग्नापुरते ठेवले नाही. मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, पावसाळ्यातले शेत हेही त्यांचे विषय झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ते कागदाकडे वळले यात जे.जे.त शिकलेले भास्कर कुलकर्णी यांचा वाटा मोठा, त्याआधी कुलकर्णींनी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना कागद पुरवला होता. ही सगळी गोष्ट आठवीच्या वर्गाला दोन तासांत सांगता येते आणि ती फार मोठे प्रश्न उभे करते. बायकांचे चित्र पुरुषांच्या नावावर कसे प्रसिद्ध झाले? भिंतीवरचे, पुसले जाणारे चित्र विकत घेण्याजोगे झाले की त्याचे काय होते? वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मग पिशवीवर ते छापून विकणाऱ्याने कुणाला विचारायचे? कलावंत शिकवणे म्हणजे केवळ थोरवी सांगणे नव्हे, याचा यापेक्षा चांगला पाठ दुसऱ्या कुठल्या देशाकडून आणायची गरज नाही. डहाणू-जव्हारच्या आश्रमशाळेत तर वर्गातल्याच कुणाची आजी चौक लिहिणारी असेल. सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथीचे पट उलगडून गोष्ट सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या तालुक्यातल्या शाळांनी सहल आणखी कुठे न्यावी?

कुणाचे चित्र शिकवावे या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणूनच सरळ आहे: ज्याच्या मूळ कामापाशी मुलाला जाता येईल, त्याचे आधी. दिवा हाताने झाकून उभी असलेली स्त्री मराठी घरांनी कॅलेंडरवर वर्षानुवर्षे पाहिली आहे. पुष्कळ लोक ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे, रविवर्म्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी काढलेले. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. नावाची दुरुस्ती हा यातला लहान भाग. मोठा भाग हा की ते जलरंगात आहे. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागद मोकळा सोडून राखावा लागतो. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो लालसर प्रकाश राखण्यासाठी चित्रकाराने अंधार किती सावकाश चढवला असेल, हे स्वतः जलरंगाशी झटापट केलेल्या मुलाला लगेच कळते. ग्रेड परीक्षेने तयार केलेला हात इथे कामी येतो.

अलिबागजवळ सासवन्यात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर संग्रहालय म्हणून पाहता येते. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी डोंगरावर उभारलेल्या संग्रहालयात रविवर्मा आहे, महादेव धुरंधर आहेत आणि हेन्री मूरचे एक शिल्पही आहे. पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये ए. एक्स. त्रिंदाद यांची चित्रे आहेत, शेजारी त्यांची चित्रकार मुलगी अँजेला. मुलींच्या वर्गात तर अँजेला त्रिंदाद आणि अंबिका धुरंधर ही नावे आवर्जून यावीत. दोघी चित्रकार वडिलांच्या हाताखाली वाढल्या आणि जे.जे.त शिकल्या. अंबिकाबाईंचे 'माझी स्मरणचित्रे', महादेव धुरंधरांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे', प्रल्हाद धोंडांचे 'रापण', प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास': चित्रकारांनी स्वतः मराठीत लिहिलेली इतकी समृद्ध पुस्तके आपल्याकडे असताना त्यांतले एखादे पान वर्गात का वाचले जाऊ नये? दृश्यकलेला वाहिलेला चरित्रकोशाचा खंडही सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला आहे. साहित्य नाही, ही सबब आता चालणार नाही.

खरी अडचण शिक्षकाची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने सहावी ते आठवीत, तेही पट शंभराहून अधिक असेल तर, कलेसाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद केली. अर्धवेळ माणूस, त्यात लहान शाळांना तोही नाही. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच चित्रकला घेतो आणि परीक्षा जवळ आली की त्या तासाला गणित घेतो. कागदावर मात्र चित्र उजळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्याने कलेला स्वतंत्र विषयाचे स्थान दिले. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी 'बांसुरी' आणि सहावीसाठी 'कृति' ही कलेची पाठ्यपुस्तके काढली. याचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्याच धोरणातला 'कला-समेकित' अध्ययनाचा आग्रह मला काळजीत टाकतो. अपूर्णांक शिकवण्यासाठी रांगोळी, पर्यावरणासाठी पोस्टर. यात कला दुसऱ्या विषयांच्या घरी पाणी भरते, आणि कलावंत पुन्हा नाहीसा होतो. आपल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात भारतीय कलांच्या इतिहासावर चांगला पाठ आहे. तो इतिहासाचे शिक्षक शिकवतात, चार गुणांची टीप म्हणून. शेजारच्या वर्गात चित्रकलेच्या बाई त्याच मुलांकडून संकल्पचित्र करून घेत असतात. दोघांनी मिळून एक तास घेतला तर त्याला शासन निर्णयाची गरज नाही.

ग्रेड परीक्षेत एक छोटासा बदल मात्र शासनानेच करायला हवा. स्मरणचित्राच्या पेपराइतकाच वेळ, एक मोठे रंगीत चित्र समोर, आणि तीनचार प्रश्न: काय दिसते, कशावरून, चित्रकाराने हे असे का केले असेल. नावे आणि सनावळ्या विचारू नयेत, नाहीतर उद्याच गाइड निघेल. लिहिता येत नसेल त्याने रेखाटून दाखवावे.

शाळांसाठी चित्रांच्या छपाईची अडचण सांगितली जाते तीही तपासून पाहण्याजोगी आहे. आपल्या कायद्यानुसार कलाकृतीवरचा हक्क साधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि वर्गात शिकवताना चित्र दाखवायला कायद्याची मोकळीक आहे. आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले, त्रिंदाद १९३५ मध्ये, धुरंधर १९४४ मध्ये, 'मंदिरपथगामिनी'चे शिल्पकार गणपतराव म्हात्रे १९४७ मध्ये, बाबूराव पेंटर १९५४ मध्ये. या पाचही जणांच्या कामावरचा हक्क संपला आहे. करमरकरांचा २०२७ अखेर आणि हळदणकरांचा २०२८ अखेर संपेल. संग्रहालयांनी चांगली छायाचित्रे द्यायची, बालभारतीने ती भिंतीवर लावता येतील एवढ्या आकारात छापायची. आबालालांचे निसर्गचित्र कोल्हापूरच्या शाळांना आधी, त्रिंदाद डिचोली-सांग्याच्या शाळांना आधी, धुरंधरांची मुंबईतल्या माणसांची पोस्टकार्डे, त्यांतल्या पगड्या आणि लुगड्यांसकट, सगळ्यांना. पहिला संच पाच चित्रांचा असला तरी चालेल. एका चित्राला एक महिना दिला तर अर्धे वर्ष निघते.